नमुना येतो तेव्हापासून गटचिन्ह लिहीपर्यंत: मातीची प्रयोगशाळेतली तपासणी आणि वर्गीकरण

प्रयोगशाळेत नवखा असताना मी एका वाळूचा अहवाल लिहिला होता. नमुना ओव्हनमध्ये कडक वाळवला, चाळण्यांच्या चळतीत ओतला आणि शेकर दहा मिनिटं चालवला. ७५ मायक्रॉनच्या चाळणीखाली ९ टक्के माल उतरला, म्हणून मी बिनधास्त लिहिलं: एसपी-एससी, थोडी चिकणमाती असलेली वाळू. वरिष्ठांनी अहवाल वाचलाच नाही. ट्रेमधली मूठभर ‘वाळू’ त्यांनी पाण्यात टाकायला लावली. बघता बघता पाणी गढूळ झालं. दाणे समजून मी ज्यांचं वजन केलं होतं, त्यातले बरेचसे वाळलेल्या चिकणमातीचे खडे होते. तोच नमुना धुऊन चाळला तेव्हा बारीक माल ३१ टक्के निघाला. म्हणजे सरळ एससी, चिकणमाती भरपूर असलेली वाळू. पाण्याचा निचरा बऱ्यापैकी करणारी वाळू आणि पाणी अडवून धरणारी वाळू, यांच्यातला फरक मी नमुना न धुता पुसून टाकला होता.

वर्गीकरणाचे नियम एका पानावर मावतात आणि दोन दिवसांत पाठ होतात. चुका त्याच्या आधीच झालेल्या असतात: नमुना कसा वाळवला, कसा फोडला, किती घेतला, धुतला की नाही, या ठिकाणी. म्हणून या लेखात तक्त्यापेक्षा हातानं करायच्या कामावर जास्त भर आहे.

नमुना हातात आल्यावर

पहिला प्रश्न एकच: हा नमुना विस्कळीत आहे की अविस्कळीत? पिशवीतल्या किंवा एसपीटीच्या (बोअरहोलमध्ये घणाच्या ठोक्यांनी नळी ठोकून करायच्या चाचणीच्या) दुभंगी नळीतल्या मातीची रचना मोडलेली असते. तिच्यावर ओलावा, चाळणी, प्लॅस्टिसिटी (ओल्या मातीचा न तुटता आकार घेण्याचा गुण), विशिष्ट गुरुत्व या चाचण्या खुशाल करा, पण ताकद आणि दबणूक मोजू नका. त्यासाठी पातळ भिंतीच्या नळीतला, दोन्ही टोकांना मेण लावून बंद केलेला नमुना लागतो. नळीची भिंत किती जाड चालेल, हे क्षेत्र गुणोत्तरावरून ठरतं. बाहेरच्या व्यासाच्या वर्गातून आतल्या व्यासाचा वर्ग वजा करायचा आणि आतल्या व्यासाच्या वर्गानं भागायचं. अविस्कळीत नमुन्यासाठी हे साधारण १० टक्क्यांच्या आत हवं. एसपीटीच्या नळीचा बाहेरचा व्यास ५०.८ मिमी आणि आतला ३५ मिमी असतो. तिचं गुणोत्तर ११० टक्क्यांच्या आसपास जातं. तरीही त्या नळीतला मातीचा तुकडा छान गोल दिसतो म्हणून कुणीतरी त्यावर ताकदीची चाचणी करून मोकळा होतो. तो आकडा अहवालात न आलेलाच बरा.

नळी उभी ठेवा आणि तिची वरची बाजू वरच राहू द्या. उघडण्याआधी बोअरहोल क्रमांक, खोली आणि तारीख नोंदवहीत उतरवा, कारण ओल्या चिठ्ठीवरची शाई संध्याकाळपर्यंत टिकेलच असं नाही. उघडल्याबरोबर रंग, वास, ओलसरपणा, थर, मुळं, शिंपले, भेगा हे सगळं लिहून ठेवा. वाळल्यावर रंग फिका पडतो आणि सेंद्रिय मातीचा कुजट वास उडून जातो. ही नोंद पुन्हा कधीच करता येत नाही.

सगळ्यांत आधी ओलावा

नमुना उघडा पडला की नैसर्गिक ओलावा मिनिटामिनिटाला कमी होतो, म्हणून बाकी सगळं थांबवून आधी ओलाव्यासाठी माती काढा. बारीक मातीला ३०-४० ग्रॅम पुरतात, खडेमिश्रित मातीला बरीच जास्त लागते. डबीचं वजन, ओल्या मातीसह वजन, १०५ ते ११० अंश सेल्सियसला साधारण २४ तास वाळवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून पुन्हा वजन. गरम डबी काट्यावर ठेवली की वर चढणाऱ्या हवेमुळे वजन कमी भरतं, म्हणून डेसिकेटर टाळू नका.

लेखभर एकच नमुना सोबत घेऊन चालू. रिकामी डबी २१.४० ग्रॅम, ओल्या मातीसह ६८.९५, वाळल्यावर ५८.२५. पाणी १०.७० ग्रॅम आणि कोरडी माती ३६.८५ ग्रॅम. ओलावा २९.० टक्के. भागाकार नेहमी कोरड्या वजनानं करायचा, ओल्या वजनानं नाही. त्यामुळेच पीटसारख्या (कुजलेल्या वनस्पतींच्या) मातीचा ओलावा १०० टक्क्यांच्या पुष्कळ वर जातो, आणि त्यात काही चूक नसते.

मातीत जिप्सम किंवा भरपूर सेंद्रिय पदार्थ असल्याचा संशय असेल तर ओव्हन ६० अंशांच्या आसपास ठेवा आणि वजन स्थिर होईपर्यंत थांबा. जिप्सम तापलं की त्याच्या स्फटिकातलं पाणीही सुटतं आणि ओलावा उगीचच फुगतो. सेंद्रिय पदार्थ तर जळूनच कमी होतात.

हाताची चाचणी

यंत्रांकडे वळण्याआधी पाच मिनिटं मातीशी खेळा. हे काम फालतू समजून वगळणारे पुढे आपल्याच आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवतात.

मऊ केलेली माती तळहातावर घेऊन हात दुसऱ्या हातावर आडवा आपटा. पृष्ठभागावर पाणी येऊन तो चकाकला आणि बोटांनी दाबल्यावर चकाकी गेली, तर ती गाळमाती, म्हणजे सिल्ट. चिकणमातीवर याचा काहीच परिणाम होत नाही. दुसरी परीक्षा कोरड्या खड्याची. वाळलेला खडा बोटांत चिरडून बघा. सिल्टची पावडर होते, चिकणमातीचा खडा बोटांना दाद देत नाही. तिसरी परीक्षा वळीची. मातीची बारीक वळी करत राहिलात की ती तुटायच्या बेताला येते. तेव्हा ती ताठ आणि चिवट लागली तर प्लॅस्टिसिटी जास्त, भुसभुशीत लागली तर कमी. दातांखाली कचकच लागणं ही सिल्टची जुनी खूण आहे, पण दूषित जागेची माती तोंडात घालण्याचा शहाणपणा कुणी करू नये.

आता वहीत अंदाज लिहा. आपल्या नमुन्याचा अंदाज होता: वाळूमिश्रित चिकणमाती, मध्यम प्लॅस्टिसिटी. पुढचे आकडे याच्याशी जुळले नाहीत, तर आकड्यांना जाब विचारायचा.

वाळवणं, फोडणं, वाटणी

वर्गीकरणासाठीची माती हवेत वाळवा, ओव्हनमध्ये नाही. ओव्हनच्या उष्णतेनं काही चिकणमातींची घडण कायमची बदलते. हॅलोयसाइट हे चिकणमातीचं खनिज असलेल्या आणि सेंद्रिय मातींची लिक्विड लिमिट (माती ज्या ओलाव्याला वाहायच्या बेताला येते तो ओलावा) ओव्हननंतर लक्षणीय घसरते. काही माती हवेत वाळवल्यावरही बदलतात. अशा संशयाच्या वेळी लिमिटसाठी नैसर्गिक ओली मातीच वापरा.

ढेकळं फोडायला रबर लावलेला बत्ता घ्या. दाण्यांना चिकटलेले दाणे सुटायला हवेत, पण दाणे स्वतः फुटायला नकोत. लोखंडी बत्त्यानं मऊ दगडाचा दाणा फोडलात, तर तुम्ही माती तपासत नाही, माती तयार करताय.

नमुना कमी करताना ढिगाऱ्यातून डाव भरून घेऊ नका, कारण बारीक माल तळाशी बसलेला असतो. ढीग करून सपाट पसरवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि दोन काढा. रिफल बॉक्स (माती दोन सारख्या भागांत वाटणारी खाचांची पेटी) असेल तर आणखी चांगलं. किती माती हवी हे सर्वांत मोठ्या दाण्यावर ठरतं: ७५ मिमीचे दगड असतील तर सुमारे ६० किलो, १९ मिमीचे असतील तर साडेसहा किलो. ४.७५ मिमीच्या आतली माती असेल तर अर्धा किलो पुरतो. हे आकडे अवाजवी वाटले तर एक हिशेब करा. ७५ मिमी व्यासाचा एकच गोल दगड सुमारे ५८५ ग्रॅम भरतो. अर्धा किलोच्या नमुन्यात तो आला काय आणि न आला काय, आलेख दोन्ही वेळा खोटाच असणार.

धुऊन चाळणं

आपल्या नमुन्यातून कोरडे ५०० ग्रॅम घेतले. लिटरमागे सुमारे २ ग्रॅम सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट टाकलेल्या पाण्यात ते भिजवा आणि मधूनमधून हलवा. चिकणमाती जास्त असेल तर रात्रभर भिजू द्या. मग ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवा, वरती संरक्षक म्हणून एक जाड चाळणी ठेवा. खालून येणारं पाणी नितळ होईपर्यंत धुवायचं. घाई करून बोटांनी चाळणी घासू नका. ती जाळी नाजूक असते, एकदा सैल पडली की पुढचे सगळे नमुने ‘बारीक’ निघू लागतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. आणखी एक सूचना: लिमिटसाठीची माती याच भिजवलेल्या मालातून घेऊ नका. हेक्सामेटाफॉस्फेटनं चिकणमातीची वागणूक बदलते.

चाळणीवर राहिलेला माल वाळवून ४.७५ मिमी, २ मिमी, ४२५ मायक्रॉन, ७५ मायक्रॉन आणि मधल्या काही चाळण्यांतून काढा. प्रत्येक चाळणीवरचं वजन आणि तळाच्या ताटलीतलं वजन मिळून सुरुवातीच्या वजनाशी जुळायला हवं. एक-दोन टक्क्यांहून जास्त तूट आली तर परत करा. ती तूट सगळ्या चाळण्यांत सारखी वाटून टाकणं म्हणजे चुकीवर पांघरूण घालणं.

आमच्या नमुन्यात धुतल्यावर ७५ मायक्रॉनवर १९० ग्रॅम राहिले, त्यातले २० ग्रॅम ४.७५ मिमीवर. म्हणजे ग्रॅव्हल (खडी) ४ टक्के, वाळू ३४ टक्के, बारीक माल ६२ टक्के. ४२५ मायक्रॉनखाली ८० टक्के. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो कामी येईल.

हायड्रोमीटर कधी करायचा

बारीक मालाची आणखी फोड हवी असेल तेव्हाच. द्रावणात तरंगणारा हा घनतामापक दाणे किती वेगानं बुडतात त्यावरून त्यांचे आकार सांगतो. वर्गीकरणाच्या चिन्हासाठी तो लागत नाही, हे अनेकांना पटत नाही. चिकणमाती आणि सिल्ट यांचा निवाडा आकारावर होत नाही, प्लॅस्टिसिटीवर होतो. कारण साधं आहे: दगडाची अत्यंत बारीक पूड २ मायक्रॉनपेक्षा लहान असूनही चिकट नसते.

करायचाच असेल तर ५० ग्रॅम माती, हेक्सामेटाफॉस्फेटचं द्रावण, स्टररनं घुसळण आणि १००० मिलीचा सिलिंडर. तोंडावर हात ठेवून मिनिटभर उलटसुलट करा, खाली ठेवा आणि घड्याळ सुरू. अर्ध्या मिनिटापासून चोवीस तासांपर्यंत वाचनं घ्यायची असतात. इतका वेळ का, ते स्टोक्सच्या १८५१ च्या सूत्रातून कळतं. दाण्याचा बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २० अंशांच्या पाण्यात ७५ मायक्रॉनचा दाणा १० सेंमी खाली जायला सुमारे २० सेकंद घेतो, तर २ मायक्रॉनचा दाणा पावणेआठ तास. पाण्याचं तापमान बदललं की त्याचा दाटपणा बदलतो, म्हणून प्रत्येक वाचनासोबत तापमान लिहा. शेजारी फक्त द्रावण भरलेला दुसरा सिलिंडर ठेवा, दुरुस्ती त्याच्यावरून काढायची. सिलिंडरच्या वरच्या भागात थोड्याच वेळात स्वच्छ पाण्याची धारदार रेघ दिसली तर दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठ्यानं खाली बसताहेत. चाचणी फुकट गेली, द्रावण बदलून नव्यानं करा.

आपल्या नमुन्यात २ मायक्रॉनखाली २८ टक्के मिळाले.

लिक्विड लिमिट आणि प्लॅस्टिक लिमिट

स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट ॲटरबर्ग यांनी १९११ मध्ये या मर्यादा मांडल्या त्या शेतीच्या मातीसाठी. स्थापत्य अभियांत्रिकीत त्या रुजवल्या आर्थर कॅसाग्रांदे यांनी. आज वापरतो तो पितळी कप १९३२ चा, त्यांचाच.

४२५ मायक्रॉनखालची माती ऊर्ध्वपातित पाण्यात मळा, एकजीव करा आणि चिकट माती असेल तर झाकून रात्रभर मुरू द्या. पाणी दाण्यादाण्यात शिरायला वेळ लागतो. लगेच चाचणी केली तर पहिलं आणि शेवटचं वाचन वेगवेगळ्या मातीची वाटतात.

कप वापरण्याआधी तपासा. पडण्याची उंची बरोबर १० मिमी हवी. ती खाचेच्या हत्याराच्या मागच्या मापानं पडताळता येते. कपाच्या तळाला जिथे ठोका बसतो तिथे घासून सपाट खूण पडलेली नाही ना, हेही पाहा. उंची वाढली की कमी ठोक्यांत खाच मिटते आणि लिक्विड लिमिट कमी येते. महिन्यातून एकदा तपासू, असं म्हणणाऱ्यांचं यंत्र बहुधा वर्षभर तपासलेलं नसतं.

कपात माती भरून पृष्ठभाग सपाट करा, हत्यारानं मधोमध खाच पाडा आणि सेकंदाला दोन ठोके या वेगानं हँडल फिरवा. खाचेच्या तळाशी दोन्ही बाजू साधारण १२ मिमी लांबीवर मिळाल्या की ठोके मोजा आणि मिळालेल्या जागेची माती ओलाव्यासाठी काढा. माती घसरून मिटली की वाहत येऊन मिटली, हे बारकाईनं पाहा. सिल्टची माती कपावरून सरकते. ते सरकणं खरं मिटणं नव्हे.

चार-पाच वाचनं घ्या, २५ ठोक्यांच्या दोन्ही बाजूंना. माती कोरडी करायची झाली तर काचेवर पसरवून मळत राहा. कोरडी माती त्यात मिसळून घट्ट करण्याचा शॉर्टकट पूर्ण वर्ज्य. आपली वाचनं अशी: १७ ठोक्यांना ४८.९ टक्के, २२ ना ४७.६, २८ ना ४६.४, ३६ ना ४५.२. ठोके लॉग प्रमाणावर आणि ओलावा साध्या प्रमाणावर मांडला की सरळ रेघ येते. २५ ठोक्यांवर ती ४७ दाखवते. एखादा बिंदू रेघेपासून भरकटला तर तो खोडून टाकू नका, तेवढंच वाचन पुन्हा घ्या.

कपाऐवजी शंकूची पद्धत अनेक ठिकाणी जास्त पसंत केली जाते. ब्रिटिश पद्धतीत ३० अंशांचा, ८० ग्रॅमचा शंकू ५ सेकंदांत २० मिमी रुतला तो ओलावा म्हणजे लिक्विड लिमिट. हाताच्या सवयीचा परिणाम तिच्यात कमी, आणि माझ्या मते कमी प्लॅस्टिसिटीच्या मातीसाठी तीच बरी.

प्लॅस्टिक लिमिट (ज्या ओलाव्याला मातीची वळी तुटायला लागते तो) दिसायला सगळ्यांत साधी आणि करायला सगळ्यांत फसवी. सुमारे ८ ग्रॅमचा गोळा घ्या, काचेवर बोटांखाली वळा. ३ मिमीची वळी अखंड झाली तर परत गोळा करा, मळा, पुन्हा वळा. ३ मिमीला येताना वळी तुकडे पडून भुरभुरली की तोच तो क्षण. शेजारी ३ मिमीची सळई ठेवा. डोळ्यांना ती जाडी वाटते तेवढी नसते. जोर एकसारखा हवा, आणि माती वाळावी म्हणून फुंकर किंवा गरम हवा मारायची नाही, कारण त्यानं फक्त बाहेरचा थर वाळतो. वळी होतच नसेल तर शून्य लिहू नका, ‘नॉन-प्लॅस्टिक’ लिहा.

आपल्या नमुन्याची प्लॅस्टिक लिमिट २२ आली. प्लॅस्टिसिटी इंडेक्स ४७ वजा २२, म्हणजे २५. दोन्ही लिमिट पूर्णांकात लिहा, ही चाचणी दशांशाइतकी नेमकी नाही.

आता लिक्विडिटी इंडेक्स (जागेवरच्या मातीचा ओलावा दोन लिमिटच्या मधे कुठे आहे याचं माप), जिथे बहुतेकांचा पाय घसरतो. सूत्र सोपं: नैसर्गिक ओलाव्यातून प्लॅस्टिक लिमिट वजा करायची आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्सनं भागायचं. २९ वजा २२, भागिले २५, उत्तर ०.२८. माती चांगली घट्ट वाटते. पण २९ टक्के ओलावा सगळ्या मातीचा आहे, आणि लिमिट फक्त ४२५ मायक्रॉनखालच्या ८० टक्क्यांच्या. जाड दाणे फारसं पाणी धरत नाहीत. जवळपास सगळं पाणी त्या ८० टक्क्यांतच आहे. म्हणून बारीक मातीचा खरा ओलावा २९ भागिले ०.८०, म्हणजे ३६.२५. आता लिक्विडिटी इंडेक्स ०.५७ येतो. तीच माती, पण मघाच्यापेक्षा बरीच मऊ.

चिन्ह ठरवणं

युनिफाइड पद्धत म्हणजे मातीला अक्षरांचं गटचिन्ह देणारी पद्धत; तिचं मूळ कॅसाग्रांदे यांनी दुसऱ्या महायुद्धात धावपट्ट्यांसाठी केलेल्या वर्गीकरणात आहे. भारतीय मानक आयएस १४९८ त्याच चौकटीवर उभं आहे, एका महत्त्वाच्या फरकासह. तो पुढे येतो.

पहिला प्रश्न: ७५ मायक्रॉनखाली निम्म्याहून जास्त माल आहे का? आपल्या नमुन्यात ६२ टक्के आहे, म्हणून ही बारीक कणांची माती. आता प्लॅस्टिसिटी तक्ता, म्हणजे लिक्विड लिमिट आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्सचा आलेख. त्यावर चिकणमाती आणि सिल्ट वेगळे करणाऱ्या ए-रेषेचं सूत्र: लिक्विड लिमिटमधून २० वजा करा आणि ०.७३ नं गुणा. ४७ ला रेषा १९.७ वर येते. आपला इंडेक्स २५, रेषेच्या वर, म्हणून चिकणमाती. रेषेखाली आला असता तर सिल्ट किंवा सेंद्रिय. सिल्टचं एम हे अक्षर स्वीडिश ‘मो’ या शब्दावरून आलंय.

लिक्विड लिमिट ५० च्या आत असल्यानं युनिफाइड पद्धतीत ही सीएल (सी म्हणजे चिकणमाती, एल म्हणजे कमी प्लॅस्टिसिटी). आयएस १४९८ मात्र ३५ ते ५० हा मधला गट वेगळा ठेवतं, तिथे हीच माती सीआय (आय म्हणजे मध्यम प्लॅस्टिसिटी). म्हणून अहवालात कोणतं मानक वापरलं हे लिहिल्याशिवाय चिन्ह अर्धवट राहतं. युनिफाइड पद्धतीचं वर्णन लिहिताना वाळू-ग्रॅव्हल ३८ टक्के, आणि त्यात वाळू जास्त, म्हणून ‘वाळूमिश्रित कमी प्लॅस्टिसिटीची चिकणमाती’.

तक्त्यावर आणखी एक रेषा असते, यू-रेषा: लिक्विड लिमिटमधून ८ वजा करून ०.९ नं गुणलं की मिळते. नैसर्गिक माती सहसा तिच्या वर जात नाही. तुमचा बिंदू तिथे गेला तर नवी माती सापडल्याचा आनंद नको, आधी प्लॅस्टिक लिमिट परत करा. इंडेक्स ४ ते ७ च्या दरम्यान आणि ए-रेषेच्या वर असेल तर सीएल-एमएल. सेंद्रिय माती ठरवायची कसोटी अशी: ओव्हननंतरची लिक्विड लिमिट मूळच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी झाली तर ओएल किंवा ओएच (ओ म्हणजे सेंद्रिय; लिक्विड लिमिट ५० च्या आत असेल तर एल, वर असेल तर एच).

जाड कणांच्या मातीत ग्रॅव्हल की वाळू हे ‘जाड भागाच्या’ निम्म्यावर ठरतं, एकूण नमुन्याच्या नाही. बारीक ४०, ग्रॅव्हल ३२, वाळू २८ टक्के असेल तर जाड भाग ६० टक्के आणि त्यात ग्रॅव्हल निम्म्याहून जास्त. म्हणून ती ग्रॅव्हलच, एकूण नमुन्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही ती नसली तरी. बारीक माल १२ टक्क्यांहून जास्त असेल तर ए-रेषेवरून एम किंवा सी. ५ पेक्षा कमी असेल तर चाळणीच्या आलेखावरून डब्ल्यू (सगळ्या आकारांचे दाणे नीट मिसळलेले) किंवा पी (तसे नसलेले). ५ ते १२ दरम्यान जोडचिन्ह.

डब्ल्यू-पीसाठी दोन आकडे लागतात. समानता गुणांक म्हणजे डी-६० (ज्या आकाराखाली ६० टक्के माल असतो तो; बाकीचेही तसेच) भागिले डी-१०, आणि वक्रता गुणांक म्हणजे डी-३० चा वर्ग भागिले त्या दोघांचा गुणाकार. वाळूला समानता गुणांक किमान ६ हवा, ग्रॅव्हलला ४, आणि वक्रता दोघांनाही १ ते ३ च्या दरम्यान. समजा, डी-१० ०.१५ मिमी, डी-३० ०.४० आणि डी-६० १.२ मिमी. समानता ८, झकास. पण वक्रता ०.१६ भागिले ०.१८, म्हणजे ०.८९. मधल्या आकाराचे दाणे कमी आहेत, म्हणून ही एसपी (एस म्हणजे वाळू). फक्त पहिला आकडा पाहून एसडब्ल्यू लिहिणारे अहवाल मी मोजायचं सोडून दिलंय.

सोबतच्या चाचण्या

विशिष्ट गुरुत्व बहुतेक मातींत २.६५ ते २.८० च्या दरम्यान येतं. ते २.४ वगैरे आलं तर सेंद्रिय पदार्थ असू शकतात, किंवा बाटलीत हवा अडकली असेल. अडकलेली हवा आकडा नेहमी खालीच ओढते. व्हॅक्यूम लावून हवा नीट काढा.

फुगणाऱ्या मातीचा संशय असेल तर मुक्त फुगवण चाचणी करा. ४२५ मायक्रॉनखालची १० ग्रॅम माती एका १०० मिलीच्या सिलिंडरमध्ये पाण्यात, तितकीच दुसऱ्यात केरोसिनमध्ये. २४ तासांनी दोन्हींच्या आकारमानातला फरक केरोसिनमधल्या आकारमानाच्या टक्केवारीत. केरोसिन चिकणमातीला फुगवत नाही, म्हणून ते तुलनेला. सोबत ॲक्टिव्हिटी काढा: प्लॅस्टिसिटी इंडेक्स भागिले २ मायक्रॉनखालची टक्केवारी. स्केम्प्टन यांनी १९५३ मध्ये दिलेल्या मर्यादांनुसार ०.७५ ते १.२५ सामान्य. आपला २५ भागिले २८, म्हणजे ०.८९. इथे माँटमोरिलोनाइट या खूप फुगणाऱ्या खनिजाची काळजी कमी. तो आकडा १.२५ च्या वर गेला असता, तर पाया आखणाऱ्याला त्याच दिवशी फोन करायला हवा.

चिन्हानंतर काय

सीएल किंवा सीआय ही माती हळू निथळते, म्हणून अविस्कळीत नमुन्यावर अनकन्फाइन्ड कम्प्रेशन किंवा ट्रायॲक्सियल ही ताकदीची चाचणी, आणि दबणूक मोजणारी कन्सॉलिडेशन. स्वच्छ वाळूसाठी डायरेक्ट शिअर पुरतं.

कन्सॉलिडेशनच्या निकालातला वेळ सरळ वाचू नका. २० मिमीच्या नमुन्यात पाणी दोन्ही बाजूंनी निघतं, म्हणजे वाट १० मिमी. जागेवरचा थर १० मीटरचा आणि दोन्ही बाजूंनी निचरा असेल तर वाट ५ मीटर. वाट ५०० पट, पण वेळ तिच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे अडीच लाख पट. प्रयोगशाळेत निम्मी दबणूक ५ मिनिटांत झाली तर जागेवर तिला सुमारे २.४ वर्षं लागतील.

सही करण्याआधी

आकडे एकमेकांसमोर उभे करा. आपल्या नमुन्याचं विशिष्ट गुरुत्व २.७० आणि ओलावा २९ टक्के. माती पूर्ण भिजलेली धरली तर पोकळी गुणोत्तर (पोकळ्यांचं आकारमान भागिले दाण्यांचं) ०.७८ आणि ओली घनता सुमारे १.९५ ग्रॅम प्रति घनसेंमी. या ओलाव्याला माती यापेक्षा जड असूच शकत नाही. वहीत २.२० लिहिलेलं दिसलं तर नळीचं माप, वजन किंवा ओलावा, काहीतरी चुकलंय. तसंच लिक्विडिटी इंडेक्स ०.५७ असलेल्या मातीची अनकन्फाइन्ड ताकद ४०० किलोपास्कल आली, तर नमुना चाचणीआधी वाळला होता का, हे विचारा. शेवटी हाताच्या चाचणीचं ते पहिलं पान उघडा. ‘मध्यम प्लॅस्टिसिटीची वाळूमिश्रित चिकणमाती’ असा अंदाज होता आणि चिन्ह सीआय आलं, तर गाडी रुळावर आहे.

उरलेली माती मात्र लगेच टाकू नका. दुहेरी पिशवीत बंद करा, चिठ्ठी आत एक आणि बाहेर एक लावा, आणि अहवाल मान्य होऊन काम पुढे सरकेपर्यंत ठेवा. प्रश्न विचारणारा फोन नेहमी नमुना फेकल्याच्या दुसऱ्या दिवशी येतो.